हस्तिदंती मुठीची जुनी पिस्तुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव किंवा नारायण पेठेतला एखादा वाडा पाडायला निघतो, माळा रिकामा होतो आणि दोन दिवसांत मला फोटो येतो. गंजलेलं पिस्तूल, पिवळसर पांढरी मूठ आणि खाली एकच ओळ : "हस्तिदंतच ना?" जुन्या शस्त्रांच्या मुठी तपासून घरच्यांना नोंद करून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे हे प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट मात्र वाचायला सुरुवात करण्याआधीच मनात ठेवा. पिस्तूल ही एक वस्तू आहे आणि मूठ ही दुसरी. दोघींचं वय वेगळं असू शकतं आणि दोघींना लागणारे कायदे तर नक्कीच वेगळे आहेत.

१. माळ्यावर पिस्तूल सापडलं आहे. सगळ्यात आधी काय करू?

घोड्याला आणि चापाला हात लावू नका. नळी माणसांपासून दूर, भिंतीकडे राहील असं ते ठेवा. ठासणीच्या पिस्तुलात जुनी दारू आणि गोळी तशीच राहिलेली असू शकते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेटते. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्रात काडतुसं अडकलेली असू शकतात. परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून ते रिकामं असल्याची खात्री करून घ्या. मूठ कशाची आहे हा प्रश्न त्यानंतरचा. पोलिसांना आणि वनखात्याला काय कळवायचं ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे.

२. फोटोवरून सांगता येतं का?

नाही म्हणण्याइतपत कधीकधी येतं, हो म्हणण्याइतपत जवळजवळ कधीच येत नाही. साच्याची शिवण किंवा रेझिनमधले बुडबुडे फोटोतही दिसतात. पण "हस्तिदंत आहे" असं म्हणायला मुठीची खालची कड मोठ्या भिंगातून पाहावी लागते. फोटो पाठवायचाच असेल तर तोच कडेचा पाठवा. सगळे जण मुठीच्या बाजूचा, नक्षीचा फोटो पाठवतात आणि नेमकं तिथे काही कळत नाही.

३. खालची कडच का? तिथे काय दिसतं?

हत्तीचा सुळा आडवा कापला की कापलेल्या तोंडावर तिरप्या रेषांची जाळी दिसते. दोन दिशांनी वळत गेलेल्या रेषा एकमेकींना छेदतात, अगदी घड्याळाच्या डायलवरच्या बारीक नक्षीसारख्या. या रेषांना श्रेगर रेषा म्हणतात. श्रेगर या जर्मन अभ्यासकाने १८०० मध्ये त्यांचं वर्णन केलं. हत्तीच्या कुळाबाहेर, म्हणजे हत्ती, मॅमथ (नामशेष झालेला केसाळ हत्ती) आणि त्यांचे इतर नामशेष भाऊबंद सोडले, तर ही जाळी दुसऱ्या कुठल्याही दातात दिसत नाही.

आता मुठीकडे या. पिस्तुलाच्या पट्ट्या, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंना बसवलेले तुकडे, बहुतेक वेळा सुळ्याच्या लांबीत कापलेल्या असतात. त्यामुळे पट्टीच्या रुंद अंगावर जाळी दिसत नाही. तिथे लांबट, किंचित लहरत गेलेल्या, कमी-जास्त दाट रेषा दिसतात. आडवा छेद उघडा पडतो तो फक्त मुठीच्या बुडाशी, जिथे पट्टी संपते. लक्ष्मी रोडवरच्या घड्याळजीकडे असतं तसं दहापट भिंग घ्या, खिडकीच्या उजेडात मूठ उलटी धरा आणि कड हळूहळू फिरवत जा. उजेड एका ठरावीक कोनातून आला की जाळी उमटते आणि कोन बदलला की नाहीशी होते.

मागच्या पावसाळ्यात एका जुन्या पाचबारी रिव्हॉल्व्हरची मूठ अशी तपासत होतो. बुडाशी इतका मळ साचला होता की कड काळी दिसत होती. कापसाच्या बोळ्याला नावापुरता ओलावा देऊन तांदळाएवढी जागा पुसली आणि त्या तांदळाएवढ्या जागेत जाळी स्वच्छ दिसली. घरातल्या आजी शेजारी बसल्या होत्या. त्यांनीही भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, विणल्यासारखं आहे की!" याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

४. जाळी दिसली नाही. मग ते काय असेल?

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं ते हाड, त्यातही उंटाचं किंवा गाई-म्हशीचं. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. आडव्या छेदात त्या टिंबांसारख्या आणि लांबीत तुटक काळ्या रेघांसारख्या दिसतात, कारण वर्षानुवर्षांचा मळ त्यांत बसलेला असतो. हस्तिदंत घट्ट असतो, त्यात अशी छिद्रं नसतात. बोट फिरवलं तरी फरक कळतो : हस्तिदंत साबणासारखा गुळगुळीत लागतो, हाड किंचित खरखरतं.

सांबरशिंग ओळखायला सोपं. बाहेरची साल खडबडीत तपकिरी असते आणि आतला गाभा स्पंजासारखा जाळीदार. पट्टीची कड घासताना हा गाभा बहुधा उघडा पडतोच.

परदेशी पिस्तुलांवर क्वचित वालरसचा सुळा दिसतो. त्याच्या गाभ्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक गोळे असतात. एकदा पाहिलं की विसरत नाही. पाणघोड्याच्या दातात जाळीऐवजी अतिशय बारीक समकेंद्री रेषा असतात. हे दोन्ही पुण्यात मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वेळाच पाहिले आहेत.

५. तापलेली सुई टोचून पाहा असं सगळे सांगतात. पाहू का?

मुळीच नको. पांढऱ्या मुठींमध्ये सेल्युलॉइडच्या खूप असतात. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे हस्तिदंताची नक्कल म्हणून ते कंगव्यांपासून सुरीच्या मुठींपर्यंत सगळीकडे गेलं. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते भपकन पेटतं. आणि वस्तू खरी हस्तिदंताची निघाली, तर तुम्ही तिला कायमचा काळा डाग देऊन बसता. विशीत असताना मी ही सुई एका ओळखीच्यांच्या मुठीवर वापरली होती. मूठ अस्सल होती. तो डाग आजही तिथे आहे आणि त्यांच्या घरी गेलो की माझी नजर आधी तिकडे जाते.

सेल्युलॉइड ओळखायला सुई लागतही नाही. त्यातल्या रेषा वहीवर आखल्यासारख्या सरळ, समांतर आणि सारख्या अंतराच्या असतात. हस्तिदंताच्या रेषा कधीच इतक्या शिस्तीत जात नाहीत. अंगठ्याने जोरात चोळून लगेच वास घ्या, बऱ्याचदा कापराचा हलका वास येतो. वजनही सांगतं : हस्तिदंताची घनता पाण्याच्या पावणेदोनपट ते जवळजवळ दुप्पट, सेल्युलॉइडची साधारण १.४ पट आणि नुसत्या रेझिनची त्याहून कमी. सुटी पट्टी तळहातावर घेतली की हा फरक जाणवतो.

६. यूव्ही टॉर्चने कळतं का?

थोडंफार. तपकीर गल्लीत नोटा तपासायचे टॉर्च मिळतात, त्यांवर काम चालतं. ३६५ नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम. अंधाऱ्या खोलीत हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, जुना पिवळा थर असेल तर ती चमक पिवळट होते. बरीचशी प्लॅस्टिक मंद आणि गढूळ दिसतात. पण हाडसुद्धा हस्तिदंतासारखंच चमकतं, म्हणून या चाचणीने प्लॅस्टिक वेगळं काढता येतं, हाड नाही. टॉर्चचा मला खरा उपयोग होतो तो दुरुस्ती शोधायला. नंतर भरलेली भेग, चिकटवलेला कोपरा, बदललेली एकच पट्टी अंधारात लगेच वेगळ्या रंगात दिसते.

७. जाळी आहे, पण विकणारा म्हणतो "मॅमथचा आहे, कायदेशीर आहे". कसं तपासू?

जाळीच्या रेषा एकमेकींना किती अंशात छेदतात ते मोजून. सुळ्याच्या बाहेरच्या भागातले कोन घ्यायचे, गाभ्याजवळचे नाही. आजच्या हत्तीत सरासरी ११५ अंशांहून जास्त, पसरट कोन येतो. मॅमथमध्ये ९० अंशांहून कमी, टोकदार. मधल्या पट्ट्यात दोन्ही येऊ शकतात, म्हणून एकच कोन मोजून निकाल देऊ नका. कडेचा मोठा फोटो छापून पाच-सहा कोन कोनमापकाने मोजा आणि सरासरी काढा.

अडचण अशी की पट्टी पातळ असते आणि ती सुळ्याच्या कुठल्या भागातून कापली ते नेहमी कळत नाही. अशा वेळी मी कोनावरून लेखी मत देत नाही. मॅमथच्या तुकड्यावर जमिनीतल्या लोहामुळे कधी निळसर, कधी तपकिरी डाग पडलेले असतात. ते दिसले तर मदत होते, न दिसल्यास काहीच सिद्ध होत नाही. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर मात्र एक रुपयाही देऊ नका.

८. मूठ जितकी पिवळी तितकी जुनी, बरोबर ना?

चूक, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हस्तिदंत उजेडात पांढरा राहतो आणि बंद पेटीत, चामड्याच्या म्यानात पिवळा पडतो. हाताचा घाम, बंदुकीचं तेल, चुलीचा धूर, सगळं त्यात मुरतं. चहाच्या पाण्यात बुडवून दोन दिवसांत शंभर वर्षांचा रंग आणणारेही आहेत.

रंगाची सलगता पाहा. खरं वय असमान असतं : तळहात जिथे घासतो तिथे वेगळं, धातूच्या कडेशी वेगळं, आणि पट्टीच्या आतल्या अंगाला, जिथे उजेड आणि हात पोचत नाही, तिथे आणखी वेगळं. आत-बाहेर एकसारखा तपकिरी रंग म्हणजे मूठ बुडवलेली आहे. भेगाही पाहा. नैसर्गिक भेग रेषांच्या दिशेने, लांबीत जाते आणि खोल जाता जाता बारीक होते. चहाने रंगवलेल्या मुठीत रंग भेगांमध्ये गर्द साचतो आणि शेजारी फिका असतो. स्क्रूच्या भोकाची आतली भिंत दिसली तर तिथेच निकाल लागतो. जुन्या मुठीत ती लोखंडाच्या गंजाने डागळलेली असते, नव्यात दुधासारखी पांढरी.

९. पिस्तूल १८८० सालचं आहे हे नक्की झालं. म्हणजे मूठही १८८० ची?

तसं धरून चालू नका. मूठ पडली की फुटते, आणि फुटली की बदलतात. साहेबाची एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) मूठ तडकली म्हणून इथल्या कारागिराने हाडाची किंवा हस्तिदंताची बसवून दिली, असं मी अनेकदा पाहिलं आहे. ती बसवलेली मूठही आज जुनीच असते, फक्त पिस्तुलाइतकी नाही.

त्यासाठी मी मुठीचं आणि धातूचं नातं पाहतो. एकत्र म्हातारी झालेली जोडी ओळखू येते. मुठीचा कोपरा झिजला असेल तर त्याला लागून असलेल्या धातूची कडही तशीच झिजलेली असते, जणू एकाच हाताने दोघांना घासलं. हस्तिदंत वर्षानुवर्षं वाळत जातो आणि रेषांच्या आडव्या दिशेने किंचित आकसतो, म्हणून मूळ मुठीची कड धातूपेक्षा केसभर आत गेलेली सापडते. धातू झिजलेला आणि मुठीच्या कडा धारदार, धातूशी तंतोतंत जुळलेल्या, तर ती अलीकडची समजा.

स्क्रूही पाहा. फुलीच्या खाचेच्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं. तो मुठीत असेल तर निदान एकदा तरी ती त्यानंतर उघडली आहे. आतल्या अंगावर हातकरवतीचे वेडेवाकडे ओरखडे असतात, यंत्राच्या सँडिंग पट्ट्याने घासलेल्या पट्टीवर बारीक समांतर ओरखड्यांची रांग असते.

कोल्टच्या १८७३ च्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरसाठी एक खास खूण आहे. त्याची सुरुवातीची मूठ अखंड असे. हस्तिदंतात ती करायची तर दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकडाचा तुकडा चिकटवून सांगाडा बनवत आणि तो मुठीच्या धातूच्या चौकटीत बसवत. मधून आरपार स्क्रू जाणाऱ्या दोन सुट्या पट्ट्या हा नंतरचा प्रकार. कोल्टच्या अभिलेखागारातून क्रमांकावरून पत्र मागवता येतं. नोंद असेल तर कारखान्यातून निघताना मूठ कशाची होती ते त्यात असतं. हातात येणारा सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

१०. आमच्याकडे पेशवेकालीन रिव्हॉल्व्हर आहे. हस्तिदंती मूठ आहे. किंमत काय येईल?

पेशवाई १८१८ मध्ये संपली. फिरत्या चक्राचं आपल्याला माहीत असलेलं रिव्हॉल्व्हर आलं ते सॅम्युअल कोल्टच्या पेटंटनंतर, म्हणजे इंग्लंडमध्ये १८३५ आणि अमेरिकेत १८३६. तेव्हा घरात चालत आलेली ही गोष्ट कालक्रमात बसत नाही. वाईट वाटून घेऊ नका. वस्तू खरी असते, तिच्यासोबतची कथा एखाद्या पिढीत पुढे-मागे झालेली असते.

चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारं पिस्तूल असेल तर मात्र काळ जुळू शकतो. ईस्ट इंडिया कंपनीचं शस्त्र असल्यास चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवरचा शिक्का पाहा. साधारण १८०८ पर्यंत बदामाच्या आकारातलं कंपनीचं चिन्ह असतं, त्यानंतर मागच्या पायांवर उभा सिंह. नळीवर बर्मिंगहॅमच्या सरकारमान्य तपासणीगृहाचा ठसा असेल तर ते १८१३ नंतरचं. हे ठसे पिस्तुलाचं वय सांगतात, मुठीचं नाही (प्रश्न ९ पाहा). किमतीबद्दल प्रश्न १४ पाहा.

११. कार्बन डेटिंग करून घेतलं तर सगळे वाद मिटतील ना?

एक वाद मिटेल. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ दुप्पट झालं. त्यानंतर वाढलेल्या सुळ्यात त्याची खूण सापडते, म्हणून नवा हस्तिदंत जुना म्हणून खपवला असेल तर पकडता येतो. पण या चाचणीने कळतं ते सुळा कधी वाढला. मूठ कधी कोरली ते कळत नाही. जुन्या सुळ्याची किंवा जुन्या हस्तिदंती बिलियर्ड चेंडूची मूठ काल बनवली, तरी उत्तर जुनंच येईल. शिवाय पट्टीचा थोडा तुकडा काढावा लागतो. घरगुती नोंदीसाठी मी हे सुचवत नाही.

१२. शंभर वर्षं जुना हस्तिदंत आहे. त्याला वन्यजीव कायदा लागू होत नाही ना?

लागू होतो. परदेशी लिखाणात "शंभर वर्षांवरचा अँटिक असेल तर सूट" असं वाचून लोक फसतात. ती तिकडच्या कायद्यांतली गोष्ट. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वय हा सुटकेचा मार्ग नाही. १९७७ पासून हत्ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही.

बाळगण्यासाठी मालकीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मुख्य वन्यजीव रक्षक देतात. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, सुरुवात पुण्यातल्या वनखात्याच्या कार्यालयातून करता येते. ज्यांनी पूर्वी कधीच जाहीर केलं नव्हतं त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची खास मुदत मिळाली होती, ती केव्हाच संपली. वारशाने वस्तू आली असेल तर वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत जाहीर करावी लागते. वडील गेल्यावर बँकेची कामं सगळे करतात, या मुठीची आठवण कुणाला राहत नाही. मुदत उलटली असेल, आजोबांचं प्रमाणपत्र सापडत नसेल, तर वस्तू लपवू नका आणि मूठ काढून फेकूनही देऊ नका. वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला आधी भेटा आणि त्यांच्यामार्फत वनखात्याकडे जा.

प्रमाणपत्र असलेली वस्तू दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मुलाकडे नेली, तरी तिथल्या अधिकाऱ्यांना ३० दिवसांत कळवावं लागतं. हे फारच थोड्यांना माहीत असतं.

१३. आणि पिस्तुलाचा परवाना?

तो वेगळा विषय, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली. पुणे शहरात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आपापलं पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. ते "चालणार नाही" हे घरात बसून ठरवायचं नाही, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यायचं. शस्त्राचा परवाना असला म्हणून मुठीच्या हस्तिदंताची जबाबदारी संपत नाही आणि उलटही तसंच.

१४. जुन्या बाजारात "हस्तिदंती मूठ" स्वस्तात मिळते आहे. घेऊ का? किंवा माझी विकू का?

दोन्ही नको. रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी लहानपणापासून जातो, तिथल्या जुन्या कुलपांवर आणि घड्याळांवर माझं प्रेम आहे. पण हस्तिदंत म्हणून सांगितलेली जी काही मूठ तिथे मी हातात घेतली, ती हाडाची किंवा रेझिनची निघाली. आणि खरी असती तर घेणारा आणि देणारा दोघेही गुन्ह्यात आले असते. प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. म्हणून मी किंमत कधीच सांगत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

परदेशातल्या नातेवाइकाला भेट पाठवण्याचा विचारही सोडा. वन्यजीव कायदा आड येतोच, शिवाय शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू आणि कलाकृतींचा १९७२ चा कायदा लागतो आणि त्याखाली खाजगी माणसाला निर्यात करता येत नाही.

१५. पुण्यात शिकण्यासाठी, नजर तयार करण्यासाठी कुठे जाऊ?

बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. दिनकर गंगाधर केळकरांनी मुलाच्या आठवणीत गोळा केलेल्या त्या संग्रहात हाडाच्या, शिंगाच्या, लाकडाच्या जुन्या वस्तूंसमोर उभं राहून हाताच्या वापराने झीज कुठे पडते ते पाहा. अडकित्त्याची मूठ आणि पिस्तुलाची मूठ सारख्याच तऱ्हेने झिजतात. प्राण्याची जात अधिकृतपणे ठरवायची वेळ आली तर ते काम प्रयोगशाळेचं आणि तिथे वस्तू वनखात्यामार्फतच जाते.

१६. पुण्याच्या हवेत मूठ कशी जपू?

आपल्याकडे घातक असतो तो फरक : जुलैतली ओल आणि एप्रिलमधली कोरडी झळ. हस्तिदंत ओलीत फुगतो, कोरड्यात आकसतो, आणि मधे घट्ट स्क्रू असेल तर तडकतो. पावसाळ्यात स्क्रू आवळू नका. खिडकीजवळ, टीव्हीच्या वर, लोखंडी कपाटाच्या उन्हाकडच्या बाजूला ठेवू नका. सुती कापडात सैल गुंडाळून आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवणं पुरतं.

धुवायचं नाही, पाण्यात बुडवायचं तर अजिबात नाही. खोबरेल लावायचा मोह टाळा. ते आत मुरतं आणि पुढे नारिंगी डाग पडतो. धातूला तेल लावताना कापडावर थेंब घ्या आणि मुठीपासून बोटभर अंतर ठेवा.

१७. पट्टी काढली तर आत पेन्सिलने आकडे लिहिलेले दिसले. पुसून स्वच्छ करू का?

कृपा करून पुसू नका. पट्टी धातूला जुळवून बसवली की ती दुसऱ्या पिस्तुलाच्या पट्टीत मिसळू नये म्हणून आत क्रमांक लिहून ठेवण्याची पद्धत होती. स्मिथ अँड वेसनच्या उजव्या पट्टीच्या आत आणि कोल्टच्या अखंड मुठीच्या खाचेत असे आकडे सापडतात. तो आकडा पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळला, तर ही मूठ याच पिस्तुलासाठी बसवली हे सांगणारा तो हाताचा पुरावा आहे. वरच्या बाकीच्या सगळ्या खुणा अंदाजाच्या, ही लिहून ठेवलेली. तिरप्या उजेडात फोटो घ्या, आकडा वहीत उतरवा, मऊ कागद मधे घालून पट्टी परत बसवा आणि स्क्रू हाताला लागेल इतकाच फिरवा.